‘मोबी डिक’ एकदाचं संपवलं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हर्मन मेलव्हिलची ही जाडजूड इंग्रजी कादंबरी संपल्यापासून ऑफिसमधले, बिल्डिंगमधले, मावशी, मावसभाऊ सगळे तेच तेच विचारतायत, म्हणून एकदाच बसून लिहून काढलं. शेवटच्या दोन प्रश्नांत गोष्टीचा शेवट आहे, ज्यांना वाचायचंय त्यांनी तिथे पोचायच्या आधी थांबा.

खरंच पूर्ण वाचलंस? सारांश वाचून सांगत नाहीयेस ना?

पूर्ण. १३५ प्रकरणं, वर उपसंहार, आणि सुरुवातीला ‘व्हेल’ शब्दाची व्युत्पत्ती आणि जगभरच्या पुस्तकांतून गोळा केलेले देवमाशाबद्दलचे उतारे असा जो भाग आहे तोपण, जो बहुतेक लोक न वाचता उलटतात. नमनाला घडाभर तेल म्हणतात ना तेच, फक्त इथे तेलसुद्धा देवमाशाचं.

गोष्ट काय आहे, दोन ओळीत सांग.

इश्माएल म्हणून एक माणूस, खिशात पैसे नाहीत आणि डोकं सटकलेलं, म्हणून देवमासे मारणाऱ्या जहाजावर नोकरी धरतो. जहाज अमेरिकेतल्या नॅन्टकेट बेटावरचं, नाव पीक्वॉड. कॅप्टन अहाबचा एक पाय मोबी डिक नावाच्या पांढऱ्या स्पर्म व्हेलने तोडलाय, त्यामुळे मालकांना तेल पाहिजे आणि कॅप्टनला सूड. झाली गोष्ट. बाकीची सहाशे पानं म्हणजे चऱ्हाट, आणि हा शब्द मी मुद्दाम वापरतेय, का ते पुढे कळेल.

आधी किती वेळा सोडलं होतंस?

तीनदा. पहिली कॉपी २०१३ मध्ये फोर्टच्या फुटपाथवरून घेतली, तेव्हा नवव्या प्रकरणातल्या चर्चमधल्या प्रवचनातच गार झाले. दुसऱ्यांदा ३२ व्या प्रकरणात, जिथे तो देवमाशांचं वर्गीकरण करायला बसतो आणि तेही पुस्तकांच्या आकारावरून, म्हणजे मोठे देवमासे फोलिओ, मधले ऑक्टाव्हो, छोटे ड्युओडेसिमो. मी पुस्तक मिटून कपाटावर टाकलं आणि वर्षभर त्यावर मिक्सरचा खोका होता. तिसऱ्यांदा मोबाईलवर वाचायला घेतलं आणि कुठे सोडलं तेसुद्धा आठवत नाही, यावरून समजा.

मग ह्यावेळी कसं जमलं?

बाबांमुळे. पावसाळ्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, दोन महिने घरी बसून होते, टीव्ही किती बघणार. मी रात्री जेवढं वाचायचे तेवढं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चहाबरोबर त्यांना मराठीत सांगायचे, काही काही प्रकरणं तर समोर पुस्तक धरून जमेल तशी भाषांतर करत. बाबांनी सगळी नोकरी मुंबईच्या गोदीत केली, कादंबऱ्या वगैरे कधी वाचल्या नाहीत, पण जहाज, दोर, क्रेन, माल हे सगळं हातातलं. त्यांना एकदा सांगायला सुरुवात केली की सोडायची सोय नव्हती, कारण रोज चारच्या ठोक्याला विचारायचे, “आला का तुझा मासा?”

बरं मग, मासा येतो कधी?

१३३ व्या प्रकरणात. चेष्टा नाही करत. १३५ पैकी १३३.

म्हणजे हिशोब असा की जहाज किनारा सोडतं तेच बाविसाव्या प्रकरणात, नाताळच्या दिवशी. कॅप्टन अहाब डेकवर पहिल्यांदा दिसतो अठ्ठाविसाव्यात. छत्तिसाव्यात तो डोलकाठीवर सोन्याचं नाणं ठोकतो, जो पहिल्यांदा मोबी डिक बघेल त्याला बक्षीस. आणि त्यानंतर जवळजवळ शंभर प्रकरणं तुम्ही दुसरेच देवमासे बघता, दुसरी जहाजं भेटतात, प्रत्येक जहाजाला अहाब एकच प्रश्न विचारतो की पांढरा मासा पाहिलात का. बाबा पण रोज तेच विचारत होते, त्यामुळे आमच्या घरात दोन अहाब झाले होते.

मधली देवमाशांची माहिती गाळली तर चालतं का?

सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न हाच. पहिल्या तीन वेळी माझं उत्तर ‘गाळा’ असतं. आता नाही, आणि त्याचं कारण प्रकरण ६०.

ह्या प्रकरणाचं नाव नुसतं ‘दोर’ असं आहे. हार्पूनला, म्हणजे देवमाशावर फेकायच्या भाल्याला, जो दोर बांधलेला असतो त्यावर अख्खं प्रकरण. जाडी पाऊण इंचापेक्षापण कमी, लांबी दोनशे फॅदमच्या वर म्हणजे साधारण ३६५ मीटर, आत ५१ धागे, एकेक धागा १२० पौंड वजन पेलतो, सगळा दोर मिळून जवळजवळ तीन टन. आधी हेम्प नावाच्या झाडाच्या धाग्यांचा असायचा, मेलव्हिलच्या काळात अमेरिकन लोक मनिला नावाच्या दुसऱ्या धाग्याचा वापरायला लागले होते. मी वाचताना जांभया देत होते. बाबा खुर्चीत पुढे सरकून बसले. म्हणाले मनिला बरोबर आहे, काथ्याचा दोर हाताला सोलून काढतो, मनिला मऊ पडतो, पुढे वाच.

पुढे असं आहे की हा दोर टबात वेटोळी करून ठेवतात आणि ते वेटोळं घालायलाच कधीकधी अख्खी सकाळ जाते, कारण एक जरी पीळ चुकला तर दोर सुटताना कोणाचा तरी हात, पाय नाहीतर अख्खा माणूस घेऊन जाणार. तो टबातून होडीच्या मागच्या टोकाला जातो, तिथून वळून वल्ही मारणाऱ्या प्रत्येक माणसाच्या बाजूने होडीच्या पुढच्या टोकापर्यंत. हार्पून लागला की देवमासा पळतो आणि दोर सगळ्यांच्या मधून सणसणत सुटतो. बाबा म्हणाले, “म्हणजे सगळे दोराच्या आतच बसलेत की.” मग थोडं थांबून, “आम्हाला गोदीत पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, वेटोळ्यात पाय ठेवायचा नाही. ह्या दोरानंच कोणीतरी जाणार बघ.”

साठावं प्रकरण होतं ते! पंचाहत्तर प्रकरणं शिल्लक होती! मी एवढी शिकलेली आणि मला काही कळलं नव्हतं.

नंतर ७२ व्या प्रकरणात परत दोर येतो. मेलेला देवमासा जहाजाच्या कडेला बांधलाय, इश्माएलचा हार्पूनवाला मित्र क्वीक्वेग त्याच्या निसरड्या पाठीवर उतरून काम करतोय, खाली शार्क फिरतायत, आणि डेकवर इश्माएल, दोघांच्या कमरेला एकच दोर. क्वीक्वेग बुडाला तर इश्माएलने दोर कापायचा नाही, त्याच्याबरोबर जायचं असा नियम. हे बाबांनी दोनदा वाचायला लावलं.

तर माझं मत असं की ही प्रकरणं गाळलीत तर शेवटच्या तीन दिवसांत होडीत काय चाललंय ते दिसणारच नाही, नुसता आरडाओरडा ऐकू येईल. शेवटी त्याला दोर म्हणजे काय हे समजवायला वेळ नसतो, ते त्याने आधीच करून ठेवलंय. अपवाद आहेतच, ३२ भरभर वाचा, सांगाडा आणि जीवाश्मांची १०२ ते १०४ मी बसमध्ये अर्धवट झोपेत काढली आणि काही बिघडलं नाही.

देवमासा मासा नसतो हे त्याला माहीत नाही का?

माहीत आहे. फुप्फुसं, गरम रक्त सगळं सांगतो आणि मग मुद्दाम म्हणतो की मी जुन्या लोकांसारखं त्याला मासाच म्हणणार, आडव्या शेपटीचा आणि कारंजं उडवणारा मासा. आपण हसू नये, आपण तर नावातच मासा घालून ठेवलाय.

इंग्रजी फार अवघड आहे का?

आहे. बायबल आणि शेक्सपिअर दोन्ही एकदम अंगात आल्यासारखं लिहितो, चाळिसावं प्रकरण तर चक्क नाटकासारखं आहे, पात्रांची नावं आणि पुढे संवाद. पण मोठ्याने वाचलं की निम्मं सोपं होतं, त्याची वाक्यं कानासाठी आहेत. जहाजाच्या प्रत्येक भागाचं नाव डिक्शनरीत शोधत बसू नका, मी पहिल्यांदा तेच केलं आणि नवव्या प्रकरणात मेले. पुस्तक कॉपीराइटमधून कधीच सुटलंय, त्यामुळे नेटवर फुकट आणि कायदेशीर मिळतं, ऑडिओसुद्धा. एक दिलासा, काही प्रकरणं पानभराचीपण नाहीत. १२२ वं तर चार ओळींचं आहे, त्यात एक हार्पूनवाला वादळात डोलकाठीवर चढून म्हणतो की हा गडगडाट बंद करा आणि रम द्या.

एवढं गंभीर पुस्तक वाचून डिप्रेशन नाही आलं?

अहो ते विनोदी आहे! हे कोणी सांगतच नाही. सुरुवातीला खाणावळीत जागा नाही म्हणून इश्माएलला एका हार्पूनवाल्याबरोबर एकाच पलंगावर झोपायला सांगतात, तो हार्पूनवाला कुठाय तर गावात वाळवलेलं माणसाचं मुंडकं विकायला गेलाय. हाच क्वीक्वेग, पुढे त्याचा जिवाभावाचा मित्र होतो.

मग नॅन्टकेटची ती दुसरी खाणावळ, जिथे नाश्त्याला फिश चाउडर म्हणजे माशाचं दाट सूप, जेवायला फिश चाउडर, रात्री परत फिश चाउडर, मालकिणीच्या गळ्यात कॉड माशाच्या मणक्यांची माळ, आणि दुधालासुद्धा माशाचा वास कारण गाय माशांचे उरलेसुरले तुकडे खाते. आमच्या मालवणच्या मावशीला हे सांगितलं तर म्हणाली, “गाय सोडून बाकी सगळं आमच्यासारखंच.”

पगाराचा सीन पण भारी. जहाजावर पगार नसतो, फायद्यात वाटा असतो, आपल्याकडे मच्छीमार होड्यांवर असतो तसाच. जहाजाचा एक मालक अतिशय धार्मिक, मांडीवर बायबल उघडं, आणि इश्माएलला ७७७ वा हिस्सा द्यायचा म्हणतो. भांडाभांडी होऊन शेवटी तीनशेवा मिळतो. क्वीक्वेगला वाचता येत नाही, पण त्याने एकदा हार्पून फेकून दाखवला आणि सरळ नव्वदावा हिस्सा.

ह्यात मुंबईचा उल्लेख आहे म्हणे?

आहे, आणि मी उडालेच. सहाव्या प्रकरणात बंदरांच्या रस्त्यांवर कसले कसले लोक दिसतात ते सांगताना म्हणतो की मुंबईत अपोलो ग्रीनवर अमेरिकन खलाशांना बघून स्थानिक लोक घाबरतात. मला लगेच आपलं अपोलो बंदर दिसलं, पण घाबरणारी मुंबईकर जनता काही दिसली नाही.

त्याहून मोठी गंमत ५५ व्या प्रकरणात. देवमाशाची चित्रं जगभर कशी चुकीची काढलीत ह्यावर बोलताना म्हणतो की सगळ्यात जुनं चित्र एलिफंटाच्या लेण्यात आहे, विष्णूचा मत्स्यावतार, अर्धा माणूस अर्धा देवमासा, आणि त्यातही शेपूट चुकलीय. आता घारापुरीची लेणी शिवाची हे शाळेच्या सहलीला गेलेल्या कोणालाही माहीत आहे, तिथे मत्स्यावतार कुठून आणणार. मेलव्हिल भारतात कधी आलाच नाही, ऐकीव माहितीवर ठोकून दिलंय. चुकीच्या चित्रांची खिल्ली उडवणाऱ्या प्रकरणात स्वतःच न पाहिलेल्या चित्रातली शेपूट चुकलीय म्हणतो, ह्यावर मी चहा सांडला. पुढे ८२ व्या प्रकरणात परत मत्स्यावतार येतो, तिथे विष्णूला थेट देवमासेवाल्यांच्या पंगतीत बसवलंय.

आणि ८९ वं प्रकरण, ते मात्र गंमत नाही. समुद्रात कायदा असा की ज्या देवमाशाला दोर लागलाय तो त्या जहाजाचा, जो सुटा आहे तो जो आधी पकडेल त्याचा. इथून तो हळूच देशांवर येतो आणि विचारतो, इंग्लंडसाठी हिंदुस्थान म्हणजे काय होतं? सुटा मासा. हे १८५१ सालचं आहे, सत्तावनच्या उठावाच्या सहा वर्षं आधीचं.

आणि तो पारशी?

अहाबने लपवून आणलेल्या खास माणसांचा म्होरक्या, नाव फेडल्ला, पुस्तकभर त्याला ‘पारशी’ म्हटलंय. नाव कुठून पारशी वाटतं देव जाणे. पांढऱ्या केसांच्या वेण्या डोक्याला फेट्यासारख्या गुंडाळलेला, गूढ, सावलीसारखा अहाबच्या मागे, बोलला तर भविष्यच बोलणार. ज्या माणसाने आयुष्यभर दादर पारशी कॉलनीच्या बाजूने बस पकडलीय त्याला हे वाचून हसूच येतं. पण खरं सांगायचं तर हा पुस्तकातला सगळ्यात कच्चा भाग आहे, क्वीक्वेगला त्याने माणूस केलं, फेडल्लाला नुसतं भूत करून सोडलं.

ते ‘व्हेल माशाची उलटी’ ह्यात आहे का?

आहे, प्रकरण ९१ आणि ९२. तेच अंबरग्रीस, ज्याच्यापायी मुंबई, ठाणे, कोकणात पकडापकडीच्या बातम्या येतात. खरंतर ती उलटी नाहीच, स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होते आणि पुस्तकातपण तेच म्हटलंय की बायका जे उंची अत्तर लावतात ते आजारी देवमाशाच्या आतड्यातून येतं. त्यातला स्टब नावाचा अधिकारी एका फ्रेंच जहाजाला गंडवून त्यांचा सडका देवमासा सोडायला लावतो आणि मग आतून हे काढतो. कोणी प्रेरणा घेऊ नका, आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली सरळ आत जाल.

हे खरं घडलंय का?

तुकड्या-तुकड्यांत. एसेक्स नावाचं नॅन्टकेटचं जहाज २० नोव्हेंबर १८२० ला प्रशांत महासागरात एका स्पर्म व्हेलने धडका देऊन बुडवलं. त्यातून वाचलेल्या ओवेन चेसने पुस्तक लिहिलं, आणि मेलव्हिलला ते समुद्रावरच मिळालं, चेसच्या मुलाकडून. चिलीजवळच्या मोचा बेटापाशी एक पांढरा देवमासा होता, त्याला खलाशी मोचा डिक म्हणायचे, त्याच्यावर १८३९ मध्ये एका मासिकात लेख आला होता. आणि मेलव्हिल स्वतः १८४१ च्या जानेवारीत अकुशनेट नावाच्या देवमासे मारणाऱ्या जहाजावर चढला, दीड वर्षाने मार्केसस बेटांवर पळून गेला. म्हणजे दोर त्याने हातात धरलेला होता, आणि ते कळतं. बाबांना तर पहिल्याच आठवड्यात कळलं, म्हणाले हा माणूस काम केलेला आहे.

मग लेखकाने खूप पैसे कमवले असतील?

अमेरिकन आवृत्तीतून आयुष्यभरात ५५६ डॉलर. लंडनच्या आवृत्तीत तर छापताना उपसंहारच गळला, ज्यात इश्माएल कसा वाचला ते आहे, त्यामुळे तिथले समीक्षक विचारत बसले की सगळे मेले तर गोष्ट सांगतंय कोण. पुढे १८६६ पासून १९ वर्षं मेलव्हिलने न्यूयॉर्कच्या कस्टममध्ये नोकरी केली. १८९१ मध्ये गेला, आणि पुस्तकाला लोकांनी डोक्यावर घेतलं ते १९२० नंतर. कस्टमचं ऐकून बाबा म्हणाले, “म्हणजे आमच्या गोदीतलाच माणूस.”

प्राणी मारतात ते वाचवतं का?

नाही वाचवत, निदान दोन ठिकाणी. एक म्हातारा, आंधळा, एक पर तुटलेला देवमासा आहे ८१ व्या प्रकरणात, त्याला मारतात आणि मग तो बुडतोच, कोणाच्या हाती काही लागत नाही. आणि ८७ मध्ये सुंदाच्या सामुद्रधुनीजवळ मोठ्या कळपाच्या मध्ये होडी अडकते, तिथे पाणी एकदम शांत, खाली वाकून बघतात तर देवमाशीण पिल्लाला पाजतेय. ते वाचून मी पुस्तक बाजूला ठेवलं होतं. १०५ मध्ये इश्माएल विचारतो की देवमासे संपतील का आणि स्वतःच सांगतो की नाही संपणार. त्याला काय माहीत पुढे इंजिनाची जहाजं आणि तोफेचे हार्पून येणार, आणि १९८६ मध्ये धंद्यासाठी देवमासे मारणं जगभर थांबवायची वेळ येणार.

स्टारबक्सचं नाव ह्यातूनच आलं ना?

हो. जहाजाचा पहिला अधिकारी स्टारबक. पुढचा प्रश्न.

सिनेमा बघितला तर नाही चालणार?

१९५६ चा ग्रेगरी पेकचा आहे, बघा, चांगला आहे. दोन तासात मासा येतो. पण ती गंमत नाही ना, महिनोन्महिने कोणीतरी रोज चारला विचारतंय आणि तुम्ही नाही म्हणताय.

शेवट काय होतो? (इथून पुढे गोष्ट फुटते)

११७ व्या प्रकरणात फेडल्ला अहाबला सांगतो की तुला फक्त हेम्पचा दोरच मारू शकतो. अहाब हसतो, त्याला वाटतं फाशी, आणि समुद्रावर कोण फाशी देणार. बाबा तिथेच म्हणाले, “मघाशी तर मनिलाचा म्हणाला होता ना?” मी मेलव्हिलच्या वतीने माफी मागितली.

१३२ मध्ये अहाब जवळजवळ वळतो. सुंदर हवा, डोळ्यातून एक थेंब समुद्रात पडतो, बायको आणि पोराची आठवण काढतो, स्टारबक विनवतो की चला घरी. वाटतं की आता जाईल. नाही जात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

मग मासा येतो. त्या दिवशी चारला बाबांनी विचारलं आणि मी “आला” म्हटलं तर त्यांनी काठी बाजूला ठेवून टीव्ही बंद करायला लावला. तीन दिवसांचा पाठलाग आम्ही तीन दिवसांतच वाचला. तिसऱ्या दिवशी अहाब हार्पून फेकतो, मासा सुटतो, दोर अडकतो, अहाब तो सोडवायला वाकतो, सोडवतोही, आणि सुटलेल्या दोराचा फेरा त्याच्या गळ्यात बसतो. आवाजसुद्धा नाही येत. होडीतल्या लोकांना कळायच्या आधी तो गेलेला असतो.

बाबा काय म्हणाले?

मला वाटलं म्हणतील, सांगितलं होतं ना. नाही म्हणाले. जहाज बुडालं, क्वीक्वेगने स्वतःसाठी बनवून घेतलेली शवपेटी पाण्यातून वर आली आणि इश्माएल तिला धरून तरंगत राहिला, दुसऱ्या दिवशी रेचेल नावाच्या जहाजाने त्याला उचललं, इथपर्यंत गप्प ऐकलं.

ही रेचेल आधी येऊन गेलेली असते, १२८ व्या प्रकरणात. तिच्या कॅप्टनचा बारा वर्षांचा मुलगा होडीसकट हरवलेला असतो आणि तो अहाबला हात जोडतो की माझ्याबरोबर शोधायला चल, अहाब नाही म्हणतो. मी हे विसरूनपण गेले होते. चहा संपल्यावर बाबांनी विचारलं, “त्या कॅप्टनचा पोरगा सापडला का?”

म्हटलं, नाही. तो शोधत फिरत होता म्हणून तर हा सापडला.

“मग पुढे शोधत राहिला असेल,” म्हणाले, आणि काठी मागितली.